मॉडेल आणि कोड खुला करायचाय? खान्देशातल्या नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीने

‘डेटा आणि कोड मागणीनुसार उपलब्ध’ हे वाक्य शोधनिबंधाच्या शेवटी टाकलं की काम संपलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग खरंच मागणी येते. तोवर लॅपटॉप बदललेला असतो, ज्या विद्यार्थ्याने कोड लिहिला तो पुण्याला नोकरीला लागलेला असतो, आणि फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल सरांनी सांगितलेलं’ अशा तीन फाइली सापडतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांत किंवा विद्यापीठात तुम्ही केळीच्या पानावरचा रोग ओळखणारं मॉडेल बनवलं असेल, गिरणेच्या नाहीतर पांझरेच्या पाणलोटाचं मॉडेल बसवलं असेल, किंवा अहिराणी आवाजावर काम करत असाल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. कसोटी एकच ठेवा: परभणीच्या किंवा कोइमतूरच्या माणसाला तुम्हाला एकही फोन न करता तुमच्या तक्त्यातला आकडा पुन्हा काढता आला पाहिजे.

आधी हाताशी काय हवं

- मार्गदर्शक आणि सगळ्या सहलेखकांची लेखी संमती (ईमेल चालतो, तोंडी होकार चालत नाही)
- संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण; प्रकल्पाला निधी असेल तर मंजुरीपत्रातल्या अटी
- डेटा कुठून आला त्याचे कागद: शेतकऱ्यांची संमतीपत्रं, सरकारी खात्याकडून डेटा घेताना दिलेलं हमीपत्र
- ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख; १६ अंकी, फुकट मिळतो)
- गिटहब (कोड ठेवायचं संकेतस्थळ) आणि झेनोडोवर (संशोधनाच्या फाइली कायम जपणारं भांडार) खातं, संगणकावर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर)
- तुमचा कोड आजवर न पाहिलेला एक माणूस. याला सगळ्यात शेवटी शोधतात आणि तिथेच अडतं.

१. कोड कोणाचा, ते आधी ठरवा

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम हे ‘साहित्यकृती’त मोडतात. पगारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्या संस्थेची असते. पगारी नसलेल्या विद्यार्थ्याचं तसं आपोआप होत नाही. तिथे संस्थेचं धोरण आणि प्रवेशावेळी सही केलेले कागद बघावे लागतात. म्हणून विभागप्रमुखांना एका पानाचं पत्र द्या: काय खुलं करणार, कुठे, कोणत्या परवान्याने. उत्तर लेखी घ्या.

पेटंटचा विचार असेल तर इथेच थांबा. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. पण तुमचं मॉडेल एखाद्या ठिबक नियंत्रकात बसवलेलं असेल तर त्या यंत्रणेसाठी अर्ज करता येऊ शकतो, आणि कोड आधीच जगजाहीर केलात तर नावीन्याचा मुद्दा तिथेच निसटतो. आधी अर्ज, मग गिटहब.

२. काय काय द्यायचं

नुसता कोड दिल्याने भागत नाही. कोड, मॉडेलचे शिकलेले आकडे (यांनाच पुढे ‘वेट्स’ म्हटलंय), डेटा (किंवा तो मिळवायचा रस्ता), आणि सगळं ज्या आवृत्त्यांवर चाललं त्यांची यादी, असे चार भाग धरा.

जलविज्ञानवाल्यांकडून दुसरा भाग नेहमी राहतो. ‘आम्ही स्वॅट (पाणलोटाचं मॉडेल बसवायचं सॉफ्टवेअर) वापरलं’ एवढ्याने काहीच कळत नाही, सॉफ्टवेअर तर सगळ्यांकडेच आहे. जुळवणीनंतर (कॅलिब्रेशननंतर) प्रत्येक घटकाची अंतिम किंमत काय आली, कोणत्या मर्यादांत शोधली, उंचीचा नकाशा कोणता, जमीनवापराचा नकाशा कोणत्या वर्षाचा, आणि जुळवणी व पडताळणीची वर्षं कोणती, ही फाइल द्या.

शेतकरी कापूस लावायचा की केळी हे कसं ठरवतो, अशा प्रकारचं एजंट-आधारित मॉडेल असेल तर वर्णन ओडीडी (आढावा, रचनेच्या कल्पना, तपशील) पद्धतीने लिहा. २००६ मध्ये आलेला आणि नंतर २०१० व २०२० मध्ये सुधारलेला हा आराखडा त्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. अशी मॉडेलं ठेवायला कॉमसेस नेटचं स्वतंत्र ग्रंथालय आहे, तिथे समीक्षाही करून घेता येते. नेटलोगो (अशी मॉडेलं बनवायचं सॉफ्टवेअर) वापरलं असेल तर आवृत्ती क्रमांक नक्की लिहा. जुन्या आवृत्तीतली मॉडेलं नव्यात उघडताना काही आज्ञा बदलतात.

३. डेटा साफ करा

अर्धा वेळ इथे जाईल. जाऊ द्या.

ठावठिकाणा. मोबाइलने काढलेल्या फोटोत, लोकेशन चालू असेल तर, अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. हजार फोटो जसेच्या तसे टाकलेत तर कोणाच्या बागेत रोग आहे याचा नकाशाच तुम्ही व्यापाऱ्यांच्या हाती दिलात. एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने ही माहिती पुसा. जागा संशोधनासाठी लागतच असेल तर अंश दोन दशांशांपर्यंत ठेवा. साधारण एक किलोमीटरचा अंदाज येतो, बांध सापडत नाही. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रातून ही माहिती सहसा गळून गेलेली असते, पण चित्रही दाबून लहान झालेलं असतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेलं मात्र जसंच्या तसं येतं. तुमच्या संचात दोन्ही मिसळले असतील तर कोणता फोटो कुठल्या वाटेने आला तो रकाना ठेवा. नाहीतर मॉडेल रोगाऐवजी फोटोचा दर्जा ओळखायला शिकतं.

नावं. फाइलचं नाव ‘पाटील भाऊ रावेर १२’ असं असेल तर ते बदला. मूळ नाव आणि नवा क्रमांक यांची जोडयादी तुमच्याजवळ कुलपात राहील, रेपोत (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या फोल्डरात) नाही. सातबाऱ्यावरचा गट नंबर, मोबाइल, आधार यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ आहेच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पुढच्या हंगामात त्याच बागेत जायचंय.

संमती. ‘संशोधनासाठी वापरू’ याला दिलेला होकार म्हणजे ‘सगळ्या जगाला देऊ’ याला दिलेला होकार नव्हे. संमतीपत्रात इंटरनेटवर खुलं करण्याचा उल्लेख नसेल तर पुन्हा विचारा. अहिराणी, भिली किंवा पावरी आवाजाच्या ध्वनिफिती असतील तर हे टाळून चालणारच नाही, कारण आवाजावरून माणूस ओळखू येतो. होकार मिळाला नाही तर मॉडेल आणि कोड द्या, ध्वनिफिती ठेवून घ्या.

आपले शब्द. तक्त्यात ‘मृगबाग’ आणि ‘कांदेबाग’ असा रकाना असतो. जळगावात कोणी विचारणार नाही, पण तामिळनाडूतल्या संशोधकाला त्यावरून काही कळणार नाही. शब्दसूचीची फाइल करा: मृगबाग म्हणजे जून-जुलैची लागवड, कांदेबाग म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची. ‘हरण्या’ म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, ‘करपा’ म्हणजे सिगाटोका. आणि त्याच फाइलीत लिहा की रोग ठरवला कोणी: नुसतं डोळ्याने बघून, की प्रयोगशाळेत तपासून? हरण्याची पिवळी झाक आणि अन्नद्रव्यांच्या कमतरतेने आलेला पिवळेपणा यांत चांगले जाणकारही चुकतात. हे न सांगता ‘९५ टक्के अचूकता’ लिहिण्यात अर्थ नाही.

गावं. रावेर इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात, यावल दोन प्रकारे, चोपडा तर तीन. नावांवर तक्ते जोडू नका. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा क्रमांक वापरा. क्षेत्र गुंठ्यात आहे की एकरात की हेक्टरात, ते रकान्याच्या नावातच लिहा.

पाऊस. हवामान खात्याची दिवसाच्या पावसाची नोंद सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांची असते. म्हणजे १५ जुलैच्या नोंदीतला बराचसा पाऊस १४ तारखेला दुपारी-रात्री पडलेला असू शकतो. तुम्ही तारीख सरकवली की नाही, ते लिहून ठेवा. पूर एक दिवस पुढेमागे दिसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. हमीपत्र देऊन घेतलेला केंद्रनिहाय डेटा बहुधा पुढे वाटता येत नाही. अशा वेळी कोणत्या केंद्राचा, कोणत्या काळाचा डेटा, तो कुठे अर्ज करून मिळतो हे लिहा आणि सोबत त्याच रचनेची दहा-वीस ओळींची बनावट फाइल द्या, म्हणजे कोड निदान चालवून बघता येईल. ती बनावट आहे हे फाइलीच्या नावातच असू द्या.

अक्षरं आणि तारखा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी माहिती दुसऱ्याकडे अगम्य चिन्हांसारखी दिसते. आधी युनिकोडमध्ये आणा. एक्सेलमधून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साधं ‘सीएसव्ही’ निवडलं की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ फाइल बंद केल्यावर ती परत येत नाहीत. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ०३/०४ हे तीन एप्रिल की चार मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर सोडू नका.

४. कोड दुसऱ्याच्या संगणकावर चालेल असा करा

‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होणारे, तुमच्या नावाच्या फोल्डरमधून जाणारे सगळे पत्ते काढा. कोलॅबवर (गुगलच्या ऑनलाइन नोटबुकवर) काम केलं असेल तर ‘माय ड्राइव्ह’चे पत्तेही. सगळं प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरपासून मोजा.

नोटबुक असेल तर ‘रिस्टार्ट अँड रन ऑल’ करा. सेल वरखाली करत चालवलेली नोटबुकं या एका बटणावर मोडतात, कारण मधला कुठला तरी सेल कधीच पुसलेला असतो आणि त्याचं उत्तर फक्त मेमरीत उरलेलं असतं. अपलोड करण्याआधी आउटपुट पुसा. डेटातून पुसलेली शेतकऱ्यांची नावं छापलेल्या तक्त्यात तशीच राहिलेली असतात.

आवृत्त्यांची यादी ‘पिप फ्रीझ’ने निघते खरी, पण कोलॅबवर ती शेकडो ओळींची होते आणि तशी दुसरीकडे बसवताच येत नाही. तुमच्या कोडमध्ये खरोखर लागणारी दहा-बारा पॅकेजेस तेवढी ठेवा, प्रत्येकाचा आवृत्ती क्रमांक आणि पायथनची आवृत्ती लिहा.

यादृच्छिक बियाणं, म्हणजे सीड (संगणकाची अंदाधुंद निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो), निश्चित करा. तरी वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर आकडा किंचित हलू शकतो. म्हणून पाच वेगळ्या सीडवर चालवून सरासरी आणि पसारा दोन्ही द्या.

आता सगळ्यात महागडी चूक. शिकवण्याचे आणि तपासण्याचे फोटो संगणकाला अंदाधुंद वाटू दिले की एकाच झाडाचे चार फोटो दोन्ही गटांत जातात, आणि अचूकता फुगते. वाटणी झाडानुसार करा, जमल्यास बागेनुसार. आणि कोणता फोटो कोणत्या गटात होता ती यादी रेपोत ठेवा. ही यादी नसेल तर तुमच्या आकड्याशी कोणी तुलनाच करू शकत नाही.

५. परवाना

परवाना न टाकलेला कोड लोकांना दिसतो, पण कायद्याने वापरता येत नाही. म्हणून ‘लायसन्स’ नावाची फाइल हवीच. कोडसाठी एमआयटी किंवा अपाची २.० घ्या, अपाचीत पेटंटविषयी स्पष्ट कलम आहे. डेटा आणि मजकुरासाठी सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कोणालाही वापरता येणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना). क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने कोडला लावू नका, तसा सल्ला ती संस्था स्वतःच देते. ‘अव्यावसायिक’ अट लावायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर लावू नका: रोपवाटिकेची सहकारी संस्था व्यावसायिक की अव्यावसायिक, यावर वाद घालत कोणी बसत नाही, ते मॉडेलच सोडून देतात.

एक सापळा लक्षात ठेवा. अल्ट्रालिटिक्सचं योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल) एजीपीएल-३.० खाली आहे, म्हणजे त्यावर बांधून वाटलेला कोडही त्याच परवान्याने खुला करावा लागतो. आपल्याकडचे निम्मे विद्यार्थी-प्रकल्प त्यावर उभे असावेत, आणि वर परवाना मात्र एमआयटीचा टांगलेला असतो. ते चालत नाही. ज्याच्यावर बांधलं त्याचा परवाना आधी वाचा. सरकारी खुल्या डेटा संकेतस्थळावरून घेतलेल्या डेटाला बहुधा भारत सरकारचा २०१७ चा खुला डेटा परवाना असतो. त्यात स्रोताचा उल्लेख बंधनकारक आहे.

६. गिटहबवर चढवा

पहिल्या कमिटच्या (गिटमधल्या नोंदीच्या) आधी गिटइग्नोर फाइल (काय चढवायचं नाही त्याची यादी) करा आणि त्यात डेटाचं फोल्डर, वेट्स, आणि पासवर्ड किंवा एपीआय की (ऑनलाइन सेवेची गुप्त किल्ली) असलेली फाइल लिहा. की चुकून चढलीच तर नुसती फाइल पुसून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, इतिहास नंतर साफ करा. क्रम उलटा करू नका.

गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, ५० एमबीपुढे इशारा देतं. रेझनेट-५० (चित्रं ओळखणारं एक प्रचलित मॉडेल) चे वेट्स साधारण ९८ एमबीचे, म्हणजे जेमतेम बसतात. पण प्रशिक्षण चालू असताना सेव्ह केलेल्या चेकपॉइंटमध्ये अॅडम ऑप्टिमायझरची (मॉडेलला शिकवणाऱ्या पद्धतीची) अवस्थाही असते आणि फाइल जवळपास तिप्पट होते. दुसऱ्याला निकाल काढायला फक्त वेट्स लागतात, तेवढेच वेगळे सेव्ह करा.

७. वेट्स हगिंग फेसवर, रीडमी सगळीकडे

वेट्ससाठी हगिंग फेस (मॉडेलं ठेवायचं संकेतस्थळ) सोयीचं. फाइल सेफटेन्सर्स स्वरूपात द्या. पिकल प्रकारची फाइल उघडताना आत लपवलेला कोड चालू शकतो, म्हणून जाणकार लोक अनोळखी पिकल उघडतच नाहीत. अहिराणीचं मॉडेल असेल तर भाषेच्या खुणेत अहिराणीचा स्वतःचा आयएसओ कोड टाका (ए, एच, आर ही तीन अक्षरं). ‘मराठी’खाली टाकलंत तर शोधणाऱ्याला सापडणार नाही.

रीडमी (मॉडेल काय आहे, कसं चालवायचं ते सांगणारी फाइल) इंग्रजीत, आणि सोबत मराठीत दुसरी फाइल. मजकूर कसा असावा, त्याचा नमुना:

> काय करतं: केळीच्या पानाच्या फोटोवरून निरोगी, करपा, हरण्या हे तीन वर्ग ओळखतं.
> काय करत नाही: घडावरचे रोग, रोपवाटिकेतली रोपं, अन्नद्रव्यांची कमतरता.
> फोटो कुठले: रावेर आणि यावल तालुके, फक्त मृगबाग, दिवसाउजेडी, मोबाइलने.
> रोग कोणी ठरवला: दोन जाणकारांनी वेगवेगळं बघून, मतभेद झालेले फोटो वगळले.
> चालवायचं कसं: तीन आज्ञा, याच क्रमाने.
> किती वेळ लागतो: ग्राफिक्स कार्डाशिवाय साध्या लॅपटॉपवर किती मिनिटं.

‘काय करत नाही’ ही ओळ गाळू नका. कांदेबागेवर किंवा बसराई जातीवर कधीच न तपासलेलं मॉडेल कोणीतरी अॅपमध्ये घालतं, आणि फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

८. अनोळखी माणसाच्या हाती द्या

हे डीओआय (नोंदीचा कायमचा ओळख-क्रमांक) घेण्याआधी. कोड न पाहिलेल्या त्या माणसाला फक्त रेपोची लिंक पाठवा आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडतो तिथे तोंडी मदत करू नका, रीडमी दुरुस्त करा. विंडोजवर बनवलं असेल तर त्याने लिनक्सवर चालवावं: फाइलीच्या नावातलं ‘Data’ आणि ‘data’, म्हणजे इंग्रजी मोठं अक्षर आणि छोटं अक्षर यांतला फरक विंडोज चालवून घेतं, लिनक्स घेत नाही.

९. झेनोडोवर डीओआय घ्या

गिटहबवरचा रेपो उद्या तुम्हीच पुसू शकता, म्हणून संदर्भासाठी तो पुरेसा नाही. झेनोडो हे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं, २०१३ पासूनचं कायमस्वरूपी भांडार आहे. एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाइली बसतात. फोटो हजारांत असतील तर झिप करा.

झेनोडोत गिटहबचा रेपो जोडायचं बटण आधी चालू करा, मग गिटहबवर रिलीज (क्रमांक दिलेली आवृत्ती) काढा. उलटं केलं तर ती रिलीज येत नाही, नवी काढावी लागते. मोठ्या फाइली गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायच्या गिटच्या सोयीत) ठेवल्या असतील तर झेनोडोवर गेलेल्या झिपमध्ये नेहमीच्या सेटिंगला खऱ्या फाइलीऐवजी शंभर-सव्वाशे बाइटची चिठ्ठी असते. झिप उतरवून, उघडून, आकार बघितल्याशिवाय डीओआय शोधनिबंधात टाकू नका. पहिल्यांदा करताय तर झेनोडोच्या सँडबॉक्सवर सराव करा, तिथला डीओआय खरा नसतो.

लोडशेडिंगच्या वेळा बघून अपलोड लावा. मोठी फाइल ब्राउझरमधून जाताना मधेच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात होते. गेल्यावर झेनोडो प्रत्येक फाइलीचा एमडी५ (फाइल तीच आहे का ते तपासायचा ठसा) दाखवतं. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ने आपल्या फाइलीचा काढून दोन्ही जुळवा.

डीओआय दोन मिळतात. एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून, एक त्या विशिष्ट आवृत्तीचा. शोधनिबंधात आणि प्रबंधात दुसरा द्या, कारण आकडे त्याच आवृत्तीचे आहेत. पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर जातोच, त्याच्या परिशिष्टात हा डीओआय घाला. रेपोत सायटेशन फाइल ठेवली की गिटहबवर ‘संदर्भ द्या’चं बटण आपोआप येतं, तिथे ज्याने शेतात फिरून फोटो काढले त्याचंही नाव असू द्या.

१०. नंतर चूक सापडली तर

प्रकाशित झालेल्या झेनोडो नोंदीतल्या फाइली सहसा बदलता येत नाहीत, आणि ते बरंच आहे. कोड दुरुस्त करा, नवी आवृत्ती काढा, बदलांच्या फाइलीत काय चुकलं होतं आणि कोणता आकडा किती बदलला ते लिहा. निष्कर्षच बदलत असेल तर जर्नललाही कळवा.

प्रश्न विचारणाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर उत्तरं देत बसू नका. गिटहबच्या इश्यूमध्ये विचारायला सांगा, तिथलं उत्तर पुढच्यालाही सापडतं. तुम्ही संस्था सोडणार असाल तर विभागातल्या आणखी एकाला रेपोचे हक्क देऊन ठेवा, आणि रेपोचा संपर्क-ईमेल महाविद्यालयाचा असेल तर तो बंद होण्याआधी बदला.